श्रमदानाची कसोटी दुसऱ्या पावसाळ्यात

खानदेशात आखाजीचा सण आटोपला की शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. दादर, गहू, हरभरा घरात आलेला असतो. नांगरट उरकत आलेली असते. आणि मृगास अद्याप अवकाश असतो. याच दिवसांत गावोगावची तरुण मंडळे, महिला मंडळे आणि शहरांतील सेवामंडळे टिकाव, फावडी व घमेली घेऊन डोंगराकडे आणि नाल्याकडे वळतात. माथ्यावर चर खोदले जातात, ओहोळांत दगडी बांध रचले जातात, पाऊस पडताच रोपे लावली जातात. ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे.

तथापि या कामांचे मोल पहिल्या दिवशीच्या उपस्थितीवरून ठरत नाही. नवा चर पहिल्या पावसाळ्यात पाणी अडवितोच. तोच चर पुढील वर्षी गाळाने भरलेला असेल, दगडी बांधाचे मधले दगड वाहून गेलेले असतील, आणि लावलेली रोपे फाल्गुन-चैत्राच्या उन्हात वाळून गेलेली असतील, तर मंडळींच्या घामाचे चीज झाले असे कसे म्हणावे? याहून मोठा तोटा निराळाच आहे. एकदा फुकट गेलेले श्रमदान गाव विसरत नाही, आणि पुढच्या वेळी हाक दिली तर माणसे घराबाहेर पडत नाहीत. म्हणून श्रमदानाची खरी कसोटी दुसऱ्या पावसाळ्यात लागते. या कसोटीस उतरलेली कामे आपल्या खानदेशातच आहेत. त्यांची माहिती प्रत्येक मंडळास उपयुक्त ठरेल, यास्तव ती येथे देत आहोत.

फडांची जुनी शिकवण

एकत्र येऊन पाण्याचे काम करणे ही गोष्ट धुळे जिल्ह्यास नवी नाही. पांझरा नदीच्या खोऱ्यात कित्येक पिढ्यांपासून फड पद्धतीने सिंचन होत आले. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालील जमिनीचे फड, अशी ही रचना. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, म्हणजे पाण्याची पाळी सर्वांस एकाच वेळी देता येते व पाणी वाया जात नाही. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे आणि पिकाच्या राखणीचे काम जागल्याचे. शेतकरी स्वतःच्या हाताने पाटाचे दार उघडीत नसे. तंटा उद्‌भवल्यास पंच निर्णय देत.

या पद्धतीचे वर्णन करताना बंधाऱ्याच्या बांधकामाचे कौतुक पुष्कळ होते. परंतु ती इतकी वर्षे टिकली याचे श्रेय दरवर्षी होणाऱ्या साफसफाईला द्यावे लागेल. पाटातील गाळ व गवत काढणे, खचलेला काठ नीट करणे ही कामे लाभ घेणाऱ्यांनी मिळून करावयाची, हा रिवाज होता. बंधारा एका पिढीने बांधला, पण पाट मात्र प्रत्येक पिढीने प्रत्येक वर्षी स्वच्छ केला. आजच्या मंडळांनी फड पद्धतीतून हीच गोष्ट प्रथम घ्यावी.

सेवाभावाची परंपराही या भूमीत जुनी आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांची लहानसहान कामे ते स्वतः, न सांगता करीत. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन होय. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी व परिसरातील ग्रामस्थांनी त्याची सिद्धता केली. साने गुरुजीही त्यासाठी झटले. अधिवेशनाचा मंडप उठला तरी सेवेची सवय मागे राहिली.

बारीपाडा : नियम आधी, कुदळ नंतर

साक्री तालुक्याच्या पश्चिमेस, पिंपळनेरच्या पलीकडे, गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा हा सुमारे शंभर उंबऱ्यांचा आदिवासी पाडा आहे. १९९० च्या आसपास येथील डोंगर उघडे पडले होते. जंगल तुटले, त्यामागोमाग विहिरी आटल्या, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण सुरू झाली. पाड्यातीलच चैत्राम पवार हे त्या वेळी वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन गावी परतले. नोकरीच्या मागे न लागता त्यांनी वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने गावकऱ्यांस एकत्र केले.

बारीपाड्याच्या लोकांनी बांध घातले, चर खणले, झाडे लावली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी काय केले, इकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. त्यांनी गावाची बैठक घेऊन नियम ठरविले. जंगलात कुऱ्हाड चालवावयाची नाही. राखलेल्या भागात गुरे सोडावयाची नाहीत. नियम मोडणाऱ्याने, तो कोणीही असो, दंड भरावयाचा. आणि राखणीसाठी गावाने आपली माणसे नेमावयाची. पाण्याचे काम व राखण ही दोन्ही अंगे बरोबर चालली, म्हणून आलेले पावसाचे पाणी मुरले आणि लावलेले व आपोआप उगवलेले झाड वाढू शकले.

गावाने राखलेले हे वन सुमारे ४४५ हेक्टरांचे आहे. पूर्वी पाण्यासाठी वणवणणारा पाडा पुढे शेजारच्या गावांची तहान भागवू लागला. विहिरीस पाणी टिकल्यावर शेतीही बदलली. चारसूत्री पद्धतीने भाताची लागवड करण्याचा पाठ या पाड्याने घेतला. रानातील वनस्पतींची ओळख नव्या पिढीस राहावी म्हणून २००४ पासून येथे वनभाजी स्पर्धा भरविण्यात येऊ लागली. तीत महिला रानभाज्या रांधून मांडतात आणि प्रत्येक भाजीचे गुण सांगतात. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या पुरस्काराने बारीपाड्याच्या कामाची दखल घेतली गेली. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांस पद्मश्री जाहीर झाली. आरंभ व सन्मान यांमध्ये तीन दशकांहून अधिक काळ गेला, याकडे आमच्या तरुण वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

लामकानी : गवताची राखण

बारीपाडा सह्याद्रीच्या कुशीत आहे, तेथे पाऊस बरा पडतो, आमच्याकडे ते कसे जमावे, अशी शंका पूर्व भागातील शेतकरी विचारतात. त्यांनी धुळे तालुक्यातील लामकानीकडे पाहावे. हा भाग कमी पावसाचा आहे. धुळ्यात वैद्यकीय व्यवसाय करणारे या गावचे सुपुत्र डॉ. धनंजय नेवाडकर यांनी ग्रामस्थांसह गावालगतच्या उघड्या डोंगरांचे काम हाती घेतले. समतल चर, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांमुळे त्या डोंगरांवर गवत परतले. गवताने माती धरली, मातीने पाणी धरले, आणि जनावरांस चारा मिळू लागला.

येथे एक प्रश्न मोकळेपणाने मांडला पाहिजे. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे बागायत आहे, तो बांधावरचे गवत व कडबा घालून आपली जनावरे सांभाळतो. ज्या भूमिहीन कुटुंबाचा निर्वाह चार शेळ्यांवर चालतो, त्याच्यासाठी मात्र डोंगर बंद होणे म्हणजे चूल बंद होणे होय. त्याच्याशी न बोलता केलेला ठराव रात्री मोडला जातो, आणि मग दोष त्याच्याच माथी येतो. म्हणून मंडळाने पहिली बैठक शेळीपालकांच्या वस्तीत घ्यावी. सारा डोंगर एकदम बंद न करता त्याचे भाग पाडावेत व एक भाग बंद असताना दुसरा मोकळा ठेवावा. बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क याच कुटुंबांस द्यावा. राखणदार नेमावयाचा असल्यास त्यांच्यातूनच नेमावा. ज्याचे नुकसान होते त्यालाच लाभात पुढे बसविले, तर नियम मोडण्याचे कारण उरत नाही.

उन्हाळी स्पर्धा आणि शहरांतील मंडळे

अलीकडच्या काळात श्रमदानास मोठी चालना मिळाली ती पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेमुळे. २०१६ मध्ये ही स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोचली. त्यांत जळगाव जिल्ह्यातील अमळनेर व पारोळा हेही होते. त्या वर्षी ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस काम चालले. १ मे रोजी शहरांतील नागरिकही खेड्यांत येऊन हातात कुदळ घेऊन उभे राहिले. गावकऱ्यांस आधी तांत्रिक शिक्षण देण्यात आले, कामाचे मोजमाप ठेवण्यात आले, आणि एरवी एका पंगतीस न बसणारी माणसे एका चरात उतरली. हे लहान यश नव्हे. परंतु स्पर्धेस शेवटचा दिवस असतो, पाणलोटास तो नसतो. स्पर्धा संपल्यावरही ज्या गावात एखादे मंडळ टिकून राहते, तेथेच त्या कामांची देखभाल होऊ शकते.

जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत रोटरी, लायन्स यांसारखी सेवामंडळे आहेत. अशा मंडळांचे काम एक दिवसाचे असते, असा समज खेड्यांत आढळतो. त्यास उत्तर म्हणून एक उदाहरण पुरेसे आहे. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ घालविण्याचा संकल्प केला. आरोग्य कर्मचारी व असंख्य स्वयंसेवक त्यानंतर वर्षानुवर्षे दारोदार फिरले. तीच घरे, तीच बालके, तोच डोस. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित केले. एकाच दारावर पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी हेच त्या यशाचे रहस्य होय. शहरी मंडळांनी खेड्यातील पाण्याच्या कामासही हीच चिकाटी लावावी. दरवर्षी नवे गाव निवडण्यापेक्षा एकच गाव पाच वर्षे धरावे. पहिल्या वर्षी यंत्रास इंधन दिले असल्यास दुसऱ्या वर्षी गाळ काढण्यास माणसे द्यावीत.

कामाचे तंत्र

उत्साहास तंत्राची जोड नसेल तर श्रम व्यर्थ जातात. यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. कामाचा आरंभ माथ्यावरून करावा व पायथ्याकडे यावे. वरचे पाणी मोकळे ठेवून खाली बांध घातला तर तो पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो.

२. चर समतल रेषेवरच खोदावा. रेषा आखण्यासाठी बांबूची ‘ए’ आकाराची चौकट व ओळंबा पुरेसा होतो. गावातील शाळकरी मुलेही ती तासाभरात शिकतात. चर उतारास तिरका गेला तर तो पाणी अडविण्याऐवजी वाहून नेतो व नवी घळ पाडतो.

३. साधारणतः ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चर सोयीचा असतो. खोदलेली माती उताराच्या खालच्या अंगास, काठापासून थोडी जागा सोडून टाकावी, म्हणजे ती पुन्हा चरात पडत नाही.

४. ओहोळातील दगडी बांधास सुटे दगड वापरावेत. उतारात रुतलेले दगड उपटून काढू नयेत, कारण त्यांनीच माती धरलेली असते. बांधाची दोन्ही टोके काठात शिरवावीत आणि मधला भाग टोकांपेक्षा खाली ठेवावा. असे केल्याने पाणी मधून ओसंडते व काठ खात नाही.

५. चराच्या मातीवर पहिल्या पावसात पवन्या, मारवेल अशा गवतांचे बी टाकावे. झाडांत अंजन, कडुनिंब, बोर, सीताफळ ही आपल्या हवामानास मानवणारी आहेत.

६. जमीन वनखात्याची असल्यास कामापूर्वी त्या खात्याची संमती घ्यावी. तीव्र उतारावर काम करण्यापूर्वी गावच्या कृषी कर्मचाऱ्यास जागा दाखवावी.

आता दुरुस्तीचा हिशेब पाहू. वर दिलेल्या मापाच्या दहा मीटर लांब चरात १.८ घनमीटर, म्हणजे १,८०० लिटर पाणी मावते. असे शंभर चर एकदा भरले तर १ लाख ८० हजार लिटर पाणी डोंगरावर थांबते, आणि एका पावसाळ्यात ते अनेकदा भरतात. त्यांच्या तळाशी १५ सेंटिमीटर गाळ बसला की ही क्षमता थेट निम्म्यावर येते. हा गाळ सैल असतो. मुरूम फोडून नवा चर खणण्यास जितके श्रम पडतात, त्यांच्या मानाने गाळ काढण्यास फारच थोडे पडतात. तरीही मंडळे नवा चर खणण्यास उत्सुक असतात आणि जुना साफ करण्याचा कंटाळा करतात.

रोपांचेही तसेच. शंभर रोपांना आठवड्यास दहा लिटरप्रमाणे पाणी द्यावयाचे तर आठवड्यास १,००० लिटर पाणी लागते. फेब्रुवारीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत सुमारे अठरा आठवडे धरले तर १८,००० लिटर झाले. हे पाणी कोठून येणार, कोणाच्या गाडीने येणार, कोण घालणार, हे ठरल्यावाचून खड्डे खोदू नयेत. शंभर रोपांचे पाणी नसेल तर चाळीस लावावीत आणि ती चाळीसही जगवावीत.

मंडळाची वही व चार दिवस

प्रत्येक मंडळाने एक वही ठेवावी. तीत कामाचा दिवस, आलेल्यांची नावे, झालेल्या कामाचे माप, अवजारांची नोंद व जमाखर्च असावा. याखेरीज एक रकाना अवश्य आखावा : ‘पुढील दुरुस्ती केव्हा व कोणाकडे’. तो रिकामा असेल तर काम अपुरे समजावे. ही वही कुलूपबंद न ठेवता ग्रामसभेत वाचून दाखवावी. उघड हिशेबाने संशय मिटतो, आणि संशय मिटला की माणसे टिकतात.

सर्वसाधारणपणे ग्रामसभा ज्या चार दिवशी भरते, तेच दिवस पाहणीसाठी धरल्यास वेगळे निमंत्रण द्यावे लागत नाही. १५ ऑगस्टला पाऊस निम्मा झालेला असतो. त्या दिवशी डोंगरावर जाऊन पाणी कोठून फुटते, कोणता बांध खचला, हे पाहावे व टिपून ठेवावे. २ ऑक्टोबरला गवत तयार होत असते. कापणीचे वाटप त्या दिवशी ठरवावे. २६ जानेवारीस रोपांची मोजदाद करावी, पाण्याच्या पाळ्या लावाव्यात आणि वणव्यापासून रक्षण करण्यासाठी जाळरेषा काढल्याची खात्री करून घ्यावी, कारण राखलेले गवत एका ठिणगीने जाते. १ मे रोजी गाळ काढणे व बांध नीट करणे यांचा आरंभ करावा आणि ते काम मृगापूर्वी संपवावे. नवे काम त्यानंतरच हाती घ्यावे.

एका माणसावर सर्व भार टाकू नये, हेही महत्त्वाचे. मंडळाचा उत्साही चिटणीस नोकरीनिमित्त पुण्या-सुरतेस गेला की मंडळ बंद पडते, असे अनेक गावांत दिसते. यासाठी डोंगराचे भाग पाडून प्रत्येक भाग पाच-सहा घरांच्या स्वाधीन करावा. त्यांत एक तरी घर असे असावे, की ज्याची विहीर त्याच डोंगराखाली आहे. स्त्रियांस केवळ घमेली वाहण्यास न बोलाविता पंचांतही स्थान द्यावे. उन्हाळ्यात पाणी आणण्याचे कष्ट बहुधा त्यांनाच सोसावे लागतात, तेव्हा पाणी राखण्याच्या निर्णयातही त्यांचा शब्द असणे न्याय्य आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या गावी गेल्या वर्षी श्रमदान झाले असेल, तर यंदा नव्या कामाचा नारळ फोडण्यापूर्वी जुन्या कामावर एक फेरी मारावी. किती चर उघडे आहेत, किती बांध उभे आहेत, किती रोपांना पालवी आहे, हे वहीत लिहावे आणि पहिल्या रविवारी फावडी घेऊन तेथेच जावे. जुने चर स्वच्छ करून मृगाची वाट पाहणाऱ्या मंडळास साहाय्य करण्यास कृषी कर्मचारी तत्पर आहेत.